अनुभव धागा: मंडळाच्या सभेला वक्ते बोलावताना

नागरिक मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, रोटरी, एएलएम (महापालिकेकडे नोंदलेला गल्लीतल्या रहिवाशांचा गट), नाव काहीही असो. महिन्याच्या सभेला वक्ता आणायचं काम ज्यांच्या गळ्यात आहे त्यांनी लिहावं. हकिगती नकोत. दुसऱ्या मंडळाला लगेच वापरता येईल असं हवं.

दादरहून
वक्त्याला विषय देऊ नका, प्रश्न द्या. 'मुंबईचा पाणीपुरवठा' म्हटलं की व्याख्यान सात तलावांपासून सुरू होतं आणि भातसा-तानसा करता करता वेळ संपते. 'आमच्या गल्लीतल्या शेवटच्या इमारतीला पाण्याचा दाब कमी का?' असं विचारलंत तर व्हॉल्व्ह, पाणी सोडण्याची वेळ, जुन्या लाइनला आतून चढलेला गंज यावर बोलणं होतं. श्रोते हलत नाहीत.
पत्र महिनाभर आधी द्या. त्यात हा प्रश्न, श्रोते किती आणि साधारण कुठल्या वयाचे, बोलायला किती मिनिटं आणि मानधनाचा आकडा लिहा. मानधन नसेल तर तेही स्पष्ट लिहा. आठवडाभर आधी फोन करा. आदल्या संध्याकाळी मेसेज: कुठलं गेट, लिफ्ट आहे का, गाडी कुठे लावायची, खाली उभं कोण राहणार.

मुलुंडहून
रविवारची सभा असेल तर लोकलच्या मेगाब्लॉकचं (दुरुस्तीसाठी काही लाइन बंद ठेवतात त्याचं) पत्रक पाहिल्याशिवाय वेळ पक्की समजू नका. ते एक-दोन दिवस आधीच येतं. सेंट्रलला ब्लॉक बहुधा ११ च्या सुमारास सुरू होतो आणि दुपारभर चालतो, म्हणून सकाळी साडेनऊची सभा बरी. वक्ते पश्चिम उपनगरातून येणार असतील तर त्या लाइनचाही ब्लॉक बघा.

पार्ल्याहून
सभा बिघडते ती माईक आणि लॅपटॉपपायी, म्हणून सविस्तर लिहिते.
स्लाइड आदल्या दिवशी मागवा आणि पीडीएफसुद्धा मागा. मराठी मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला असला आणि तो फाँट हॉलच्या लॅपटॉपवर नसला, की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाँट आत घालून केलेल्या पीडीएफमध्ये ते होत नाही. नव्या लॅपटॉपला बऱ्याचदा एचडीएमआयचं तोंड नसतं, म्हणून टाइप-सी अॅडॉप्टर मंडळाच्या पिशवीतच ठेवा. व्हिडिओ असेल तर आवाज प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरमधून येतो; लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून मिक्सरपर्यंत वेगळी वायर लागते.
कॉर्डलेस माईकला दर सभेला नवे सेल घाला. अर्धे उतरलेले सेल नेमके प्रश्नोत्तरांत दगा देतात. शिट्टी येते ती माईक स्पीकरच्या तोंडासमोर गेल्यामुळे. स्पीकर वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा.
वक्त्या साडीत असतील तर कॉलर माईकचा डबा अडकवायला पट्टा नसतो, पदर घासून खरखर येते आणि मंगळसूत्राचे मणी माईकवर टकटक आपटतात. त्यांना स्टँडवरचा माईकच द्यावा.

गिरगावहून
परिचय पाच-सहा ओळींचा, दीड मिनिटाचा. वक्त्याने पाठवलेली दोन पानं जशीच्या तशी वाचू नका; आजच्या प्रश्नाशी ज्याचा संबंध आहे तेवढंच घ्या. नावाचा उच्चार आधी विचारून घ्या. सभा तासाभराची असेल तर वक्त्याला २५ मिनिटं, प्रश्नांना २०, उरलेल्यात बाकी सगळं. शाल-श्रीफळ शेवटी. सुरुवातीला सहा जणांचे सत्कार घातले की ती मिनिटं वक्त्याच्याच वाट्यातून जातात, आणि हे फार चुकीचं आहे. वेळ संपत आल्याची चिठ्ठी पाच मिनिटं उरली असताना द्यावी, संपल्यावर नव्हे.

चेंबूरहून
महापालिकेचे अधिकारी हवे असतील तर पत्र वॉर्डाच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पर्जन्य जलवाहिन्यांचे इंजिनिअर जून ते सप्टेंबरमध्ये बोलावू नका. मोठी भरती आणि जोरदार पाऊस एका दिवशी आले की ते जागा सोडू शकत नाहीत. बजेट फेब्रुवारीत मांडलं जातं, त्यावरचं व्याख्यान मार्चमध्ये ठेवा.
प्रश्न चिठ्ठीवर घ्या, एका चिठ्ठीवर एकच. स्वतःच्या इमारतीची तक्रार असेल तर ती वेगळ्या गठ्ठ्यात. वक्ते ज्यावर 'बघून सांगतो' म्हणाले ते प्रश्न सभेतच नंबर घालून लिहून घ्या आणि दोन दिवसांत जाणाऱ्या आभारपत्राला जोडा. उत्तर आलं की ते पुढच्या सभेत पहिल्या पाच मिनिटांत वाचून दाखवा.