मेजर सोडून बाकीचे विषय: शिक्षण, की क्रेडिटांची भरती?

बर्डीकर
भाची नागपुरातच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ओई, आपल्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. तिला मानसशास्त्र हवं होतं. जागा भरल्या म्हणून रोपवाटिकेचं काहीतरी गळ्यात पडलं. वर भारतीय ज्ञान परंपरेची दोन क्रेडिटं (क्रेडिट म्हणजे तासांवर मोजलेलं विषयाचं वजन), मूल्यशिक्षण, को-करिक्युलर. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिटं, त्यात मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, वाट्याला निम्म्याच्या आसपास. पोरगी सीएची तयारी करतेय, तिनं रात्री बसून कलम कसं बांधायचं ते पाठ करायचं?
माझ्या ऑफिसात कोणी कामाला आलं तर मी जीएसटीचं रिटर्न भरता येतं का एवढंच विचारतो. ज्याला बाकीचं वाचायचं तो वाचतोच. गोरेवाड्याला पहाटे पक्षी बघायला जाणाऱ्या माझ्या मित्रांपैकी कोणीही प्राणिशास्त्राचा पेपर दिलेला नाही. इंग्लंडात पोरं तीन-तीन वर्षं एकच विषय शिकतात, त्यांचं काय अडलं?

काटोल_अपडाऊन
काका, एकदम बरोबर. आमची ओई सकाळी साडेसातला आणि मेजर साडेअकराला. मधला वेळ कँटीनमध्ये. ओईत मॅडम नोट्स सांगतात, आम्ही उतरवतो, परीक्षेला एमसीक्यू. झाडून सगळ्यांना चांगली ग्रेड. संध्याकाळी मला दुकानात कामाला जायचं असतं. या हिशेबात माझा कोणता विकास झाला ते कोणीतरी सांगावं.

कोळसा_खाते
मी उलट बाजूचा. मीही बी.कॉम., जुन्या पॅटर्नचा, बाहेरचा विषय नावालाही नव्हता. नोकरी लागली कोळसा विकत घेणाऱ्या एका कारखान्यात, हिशेबाला.
वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीचा, कोळसा उष्मांकावर विकला जातो. जी-1 ते जी-17 अशा प्रती, खालच्या प्रती 300-300 किलोकॅलरीच्या अंतरानं. जी-10 म्हणजे किलोला 4301 ते 4600. बिल जी-10 चं आलं आणि नमुना जी-11 निघाला की मागून क्रेडिट नोट येते, म्हणजे जादा लावलेले पैसे बिलातून कमी होतात. मी त्या नोटा इमानेइतबारे टॅलीत चढवायचो, पण काहून येतात ते ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात गाडीचं वजन वाढतं आणि उष्मांक पडतो. लॅबच्या कागदावर दोन आकडे असू शकतात. एक हवेत वाळवलेल्या नमुन्याचा, दुसरा माल जसा आला तसा, ओलाव्यासकट. आपण वाळवलेल्या नमुन्याचा मोठा आकडा धरून बसलो, तर तक्रार करायला जागा आहे हेच दिसत नाही. हे मला सायडिंगवरच्या केमिस्टनं चहाच्या टपरीवर शिकवलं.
वेकोलिचं मुख्यालय नागपुरात, मँगनीज काढणाऱ्या मॉयलचं नागपुरात. इथल्या कॉमर्सच्या पोरांना दोन क्रेडिटांचं भूगर्भशास्त्र शिकवलं तर ते मेजरबाहेरचं कसं हो?

बर्डीकर
म्हणजे नोकरीवरच शिकलात ना, टपरीवर? मी तेच म्हणतोय.

कोळसा_खाते
केमिस्ट बोलका होता म्हणून शिकलो. शेजारच्या टेबलवरचा माणूस त्याच नोटा चढवत रिटायर झाला.

फुटाळा_फाईल
सक्तीच्या विषयाचं काय होतं त्याचा नमुना आपल्यासमोर आहे, पर्यावरण! सुप्रीम कोर्टानं 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला, मग यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला. हेतू सोन्यासारखा. प्रत्यक्षात काय? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळायचे. आमच्या वर्गात निम्म्या फाईलींत फुटाळा तलावाच्या पाण्याचा पीएच दशांशापर्यंत एकच. मागच्या बॅचलाही तोच. तलावाकडं कोणी फिरकलं असेल तर भुट्टा खायला.

प्रा_तासिका
तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. पडद्यामागचं सांगते, कारण इथं सगळे विषयालाच झोडपतायत.
ओईच्या यादीत कोणता विषय येतो हे बऱ्याचदा विद्यार्थ्याची गरज बघून ठरत नाही, कोणत्या विभागाचा वर्कलोड कमी पडतो ते बघून ठरतं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास भरून दाखवावे लागतात. नाही भरले तर पद धोक्यात. म्हणून ज्या विभागाकडं मेजरला पोरं उरली नाहीत तो ओईच्या बास्केटमध्ये दोन पेपर टाकतो. बर्डीकर दादा, तुमच्या भाचीची रोपवाटिका अशीच आली असण्याची शक्यता दाट आहे.
आता वर्गातलं. एका क्रेडिटला 15 तास, म्हणजे दोन क्रेडिटांना 30. माझ्यासमोर बी.एस्सी.च्या दोन तुकड्या एकत्र बसतात. पहिल्याच तासाला मी घरची मालमत्ता कराची पावती आणायला सांगते. त्यावर शिक्षण उपकर असतो. तो महापालिका गोळा करते, पण पैसा राज्याचा. मग विचारते, रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी कोणाला धरायचं आणि या उपकरासाठी कोणाला? मागच्या बाकावरची पोरंही भांडायला लागतात. नोट्स सांगून हे होत नाही, आणि एमसीक्यूत मोजताही येत नाही. परीक्षा माझ्या हातात नाही, हे मात्र खरं.
इंग्लंडचं म्हणाल तर अमेरिकाही सांगा की. तिथं चार वर्षांच्या साधारण 120 क्रेडिटांत मोठा वाटा मेजरबाहेरच्या विषयांचा असतो. आपल्याकडं राधाकृष्णन आयोगानं 1949 च्या अहवालातच सामान्य शिक्षणाची शिफारस केली होती. सायन्सच्या पोरांचा इतिहास-नागरिकशास्त्राशी संबंध दहावीलाच तुटतो. मतदान अठराव्या वर्षी.

मेकॅनिकल_तिसरं_वर्ष
आमच्याकडं इंजिनिअरिंगला एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, आराखड्यात संविधान आहे, पण नॉन-क्रेडिट. नुसतं पास व्हायचं. पहिल्या बाकावरचे सोडले तर वर्गात कोणी नसतं बे! मार्क नसले की पोट्टे येत नाहीत आणि मार्क दिले की झेरॉक्सवाल्याकडं जातात.

नाग_नदीकाठ
23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून आमच्याकडं घरात पाणी शिरलं, फ्रिज तरंगत होता. नंतर सोसायटीच्या बैठकीत सिव्हिलवाले होते, वकील होते, सीए होते. सिव्हिलवाला किती पाणी आलं असेल ते सांगत होता, पण नदीकाठी बांधायला परवानगी कोण देतं हे त्याला माहीत नव्हतं. वकिलाला परवानगीचे नियम पाठ, पण पाणी कुठून कुठं वाहतं ते कळेना. निवेदनाचा मसुदाच होईना. असं अर्धं-अर्धं शिकलेले लोक मी रोज बघतो, त्यामुळं मॅडमच्या बाजूनं माझं मत.

बर्डीकर
तुमची बैठक ओई झालेल्यांनीही तशीच वाया घालवली असती. तीस तासांत कोणी पूर समजून घेत नाही. माझं म्हणणं सोपं आहे. सक्ती काढा, यादी खुली ठेवा, ज्याला हवं तो बसेल.

प्रा_तासिका
खुली ठेवली की सगळे ज्या पेपरला मार्क पडतात तिकडं जातात. दोनशे अर्ज एका विषयाला, बाकी वर्ग बंद, आणि माझ्यासारख्यांच्या तासिकाही बंद. माझा यात स्वार्थ आहे, लपवत नाही. तरी म्हणते, सक्ती विद्याशाखेबाहेर पडण्याची असू द्या, पण विषय मुलीला निवडू द्या. मानसशास्त्राला मागणी असेल तर दुसरी तुकडी काढा. एका तुकडीचं मानधन काही डोंगराएवढं नसतं.

बर्डीकर
दुसरी तुकडी काढणार कोण? आमच्या भाचीच्या कॉलेजात त्या विषयाला पूर्णवेळ माणूसच नाही.

काटोल_अपडाऊन
मॅडम, मला राज्यशास्त्र घ्यायचं असेल तर? आमच्या यादीतच नाही.

प्रा_तासिका
स्वयमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, बघ. ऑनलाइन क्रेडिट 40 टक्क्यांपर्यंत धरता येतात. पण नाव नोंदवायच्या आधी कॉलेजच्या समन्वयकाकडून तोच कोर्स चालेल असं लेखी घे, नाहीतर मार्कशीटवर चढवताना हात वर करतात. परीक्षेला मात्र केंद्रावर जावं लागतं.

काटोल_अपडाऊन
केंद्र नागपूरच ना? झालं मग. अपडाऊन काही सुटत नाही राजेहो.