शब्दचर्चा : ‘हमखास बक्षीस’, ‘किमतीपर्यंत’ आणि ‘एकूण’

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतून (प्रश्न)

पाडव्याच्या आठवड्यात पेपरातून आलेलं एक हँडबिल जपून ठेवलंय. दुकानाचं नाव देत नाही, कारण ही भाषा एकट्या त्या दुकानाची नाही. मजकूर असा : ‘प्रत्येक खरेदीवर हमखास बक्षीस! एकूण १० लाखांची बक्षिसे! जिंका ७५,००० रुपये किमतीपर्यंतच्या वस्तू!’ तळाला अगदी बारीक अक्षरात ‘अटी लागू’. आईनं त्यावर विश्वास ठेवून फ्रिज तिथूनच घेतला. कूपन खरवडलं तर निघालं, ‘५०० रुपयांची सूट, पुढील १०,००० रुपयांच्या खरेदीवर’. तिचं म्हणणं एकच : ह्याला बक्षीस कसं म्हणायचं? मला पटतं, पण नेमकं कुठं चुकतंय ते शब्दांत धरता येईना. ‘बक्षीस’ आणि ‘भेट’ यांत फरक काय? आणि हा ‘पर्यंत’ कोणत्या अर्थानं आलाय?

शाहूपुरीतून

आईंचं बरोबर आहे. आजच्या वापरात बक्षीस म्हणजे जिंकलेली गोष्ट, मग ती कसबानं जिंका की नशिबानं. ती थोड्यांनाच मिळते. अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मिळते ती भेट. त्यामुळे ‘हमखास बक्षीस’ हे शब्द एकमेकांशी भांडतात. वाचणाऱ्याच्या मनात ‘हमखास’ची खात्री आणि ‘बक्षीस’ची मोठी वस्तू दोन्ही एकदम उभ्या राहतात. प्रत्यक्षात खात्री असते ती फक्त लहान वस्तूची.

आपल्याकडे कुस्ती मैदानाची पत्रकं बघा. पहिल्या नंबरच्या कुस्तीला इतकं इनाम, दुसऱ्याला इतकं, असे आकडे जोडीजोडीसमोर छापलेले असतात. कोण कशासाठी लढतोय ते मैदानात यायच्या आधीच माहीत. ‘एकूण इतक्या लाखांची इनामं’ एवढंच छापून कुणी पैलवान बोलवत नाही.

टाकाळ्यावरून

थोडा विरोध करतो. बक्षीस हा शब्द फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ ‘देणं’ असाच होता, आणि तो अर्थ कागदोपत्री अजून जिवंत आहे. बापानं मुलीच्या नावे घर केलं तर आपण ‘बक्षीसपत्र’ म्हणतो. तिथं कुणी काही जिंकलेलं नसतं. तेव्हा बक्षीस म्हणजे जिंकलेलंच, असं सरसकट म्हणता येणार नाही.

पण बक्षीसपत्राची खूण हीच की त्यात मोबदला नसतो. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा तेच सांगतो : स्वखुशीनं आणि मोबदल्याशिवाय दिलेलं. त्या कसोटीवरही हे कूपन टिकत नाही. ५०० रुपये हाती यायला आधी १०,००० मोजायचे. ना जिंकलेलं, ना मोबदल्याशिवाय दिलेलं. बक्षीसचे दोन्ही अर्थ लावून बघितले, एकही बसत नाही. त्याला मराठीत ‘सूट’ हा चांगला शब्द आहे आणि तोच छापायला हवा होता.

राजारामपुरीतून

मला ‘पर्यंत’बद्दल बोलायचंय, कारण खरी मेख तिथंच आहे. बोलण्यात पर्यंतचे दोन अर्थ चालतात. ‘ही बस रंकाळ्यापर्यंत जाते’ म्हटलं की बस रंकाळ्याला पोचतेच. ‘या खोलीत वीस जणांपर्यंत बसतील’ म्हटलं की वीस ही वरची मर्यादा. दोघंच आले तरी वाक्य खोटं ठरत नाही. एक पर्यंत मजल सांगतो, दुसरा मर्यादा. जाहिरात लिहिताना मर्यादेचा पर्यंत लिहितात आणि ग्राहकानं मजलेचा वाचावा अशी अपेक्षा ठेवतात. ७५,००० च्या खाली ५० रुपयांची डबीही त्या वाक्यात बसते.

‘एकूण’चंही तसंच. १ लाखाची एक दुचाकी आणि १०० रुपयांच्या ९,००० वस्तू, झाले १० लाख. हिशोबात खोट नाही. पण वाचणाऱ्याला हवी असते ती माहिती, म्हणजे मोठ्या वस्तूचे नग किती, ती ‘एकूण’मध्ये बुडून जाते.

लक्ष्मीपुरीतून

‘किंमत’ राहिलीच. किंमत कुणी ठरवलेली? खोक्यावर असते ती कमाल किरकोळ किंमत (एमआरपी). ‘कमाल’ हा शब्द आपण विसरतो. बक्षिसात ठेवलेला मिक्सर दोन दुकानं पुढं गेलात तर त्याहून कमी भावात मिळतो. योजनेत मात्र तो छापील आकड्यानंच मोजतात.

आणखी एक, जे कूपनवर क्वचितच ठळक असतं. सोडतीत १०,००० रुपयांहून जास्त किमतीचं बक्षीस लागलं तर त्यावर ३० टक्के आयकर आधीच कापला जातो. वस्तूच लागली असेल तर कर भरल्याची खात्री केल्याशिवाय ती विजेत्याच्या ताब्यात द्यायची नाही, असा नियम आहे. म्हणजे ६ लाखांची गाडी ‘मोफत’ लागली तर आधी १,८०,००० रुपये उभे करा, वर उपकर वेगळा. हातावर पोट असलेल्या माणसाला हे गाडी लागल्यावर कळावं हे मला फार वाईट वाटतं.

शाहूपुरीतून (पुन्हा)

कायद्याची भाषा इथं कामाची आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या व्याख्येत हेच प्रकार येतात : जाहीर केल्याप्रमाणे द्यायचा विचार नसताना बक्षीस जाहीर करणं, किंमत विक्रीतच वसूल करून वस्तू फुकट दिल्याचा भास निर्माण करणं, योजनेचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा, म्हणजे खाली छापलेल्या अटी, दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात (फॉन्टमध्ये) हवा, आणि दिशाभूल करणारा दावा खुलाशानं दुरुस्त करता येत नाही. काहीजण वर मराठीत ‘हमखास’ आणि खाली इंग्रजीत अटी छापतात, ते त्यात बसत नाही. आईंनी पावती, कूपन आणि हँडबिल एकत्र ठेवावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करता येतो, जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

मिरजकर तिकटीवरून

मी डीटीपीचं, म्हणजे छापायचा मजकूर संगणकावर मांडायचं काम करतो. मजकूर घेऊन येणारे सांगतात, ‘आकडा मोठा घ्या, पर्यंत बारीक करा, स्टार टाका, बाकीचं खाली सहा पॉइंटात.’ ‘पर्यंत’ आकड्याच्या मापातच ठेवा म्हटलं तर काहीजण ऐकतात, काहीजण दुसरीकडं जातात. ही चर्चा वाचून मजकूर असा करावासा वाटतो : ‘प्रत्येक खरेदीवर भेट : स्टीलचा डबा किंवा पुढील खरेदीवर सूट. सोडतीत बक्षिसे : दुचाकी १, फ्रिज २, मिक्सर १०. कर विजेत्याकडे. निकाल अमुक तारखेला याच पेपरात.’ चार ओळींत बसतं, बघितलं मी लावून.

राजारामपुरीतून

उत्तम. फक्त ‘पुढील खरेदीवर सूट’ किती आणि किमान किती खरेदीवर, हे त्याच ओळीत घ्या. नाहीतर तीच चूक परत होईल.