मदत हवी आहे: होल्डेममध्ये (पोकरचा एक प्रकार) समोरच्याची खेळायची पद्धत ओळखायची कशी, आणि ओळखल्यावर करायचं काय?

आमचं सहा जणांचं टोळकं शनिवारी रात्री टेक्सस होल्डेम खेळतं. पैसे अजिबात नाहीत. प्रत्येकाला 5,000 चिप्स, ब्लाइंड (दर डावाला दोघांनी पानं न बघता भरायच्या चिप्स, लहान आणि मोठा म्हणजे बिग ब्लाइंड) 25/50 पासून, ते 20 मिनिटांनी वाढतात. चिप्स संपल्या की चहा टाकायचा.

मी आधी ऑनलाइन खेळायचो. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि ते थांबलं. तिथे तासाला साठ-सत्तर डाव व्हायचे, त्यामुळे कोण किती डावांत उतरतो, किती वेळा रेझ करतो (लावलेल्या चिप्स वाढवतो), याचा अंदाज लवकर यायचा. इथे पिसणं, गप्पा आणि भडंग धरून पंचवीस डाव झाले तरी खूप. टाइट-लूज (मोजकेच डाव खेळणारा की वाट्टेल त्या पानांवर उतरणारा), अग्रेसिव्ह-पॅसिव्ह (सारखा वाढवणारा की नुसता मागे मागे येणारा) ही चौकट ठाऊक आहे, पण एवढ्याशा डावांवर कुणाला कुठे बसवणार?

तीन माणसं जड जातात. एक काका, उभा जन्म तीन पत्तीत गेलेला. कुठल्याही पानांवर कॉल करतात (समोरच्याएवढ्याच चिप्स लावतात), रेझ जवळपास नाहीच. दुसरा ऑफिसातला मित्र, दर दुसऱ्या डावाला रेझ. तिसऱ्या वहिनी, तासभर पानं टाकत बसतात आणि रेझ केला की सगळे पळतात.

गेल्या शनिवारचा डाव: माझ्याकडे एक्का-राजा. फ्लॉप (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं) राजा, अठ्ठी, तिर्री, रंग कुठलाच जुळत नव्हता. मी बेट, काकांचा कॉल. टर्नला (चौथं पान) छक्की, पुन्हा तेच. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) दुसरी अठ्ठी, मी बेट केली आणि काकांनी चक्क रेझ केला. मी पानं टाकली, त्यांनी दाखवली नाहीत. बरोबर केलं का?

किलवर दुर्री
अगदी बरोबर. सारखा कॉल करणारा माणूस रिव्हरला रेझ करतो तेव्हा राजाच्या जोडीवर डावात टिकायचं नसतं. अठ्ठी असणारच त्यांच्याकडे.

काकांसमोर ब्लफ बंद करा. पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) 1,000 चा असताना 500 चा ब्लफ मारलात तर तीनातून एकदा तरी समोरचा पळायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी. काका दहातून एकदा पळत असतील. उलट चांगली जोडी लागली की पॉटच्या पाऊणपट बेट करा, प्रत्येक टप्प्याला. तीन पत्तीवाल्यांना शो बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बघू द्या, फक्त महागात बघू द्या.

ओळखण्याबद्दल: सगळे डाव मोजू नका, शेवटी उघडलेली पानं लक्षात ठेवा. नव्वी-चौकी घेऊन कोण आत आलं? आधी बोलायची पाळी असताना आलं की सगळ्यांच्या मागून? नुसता ब्लाइंड भरून आलं की रेझ करून? असे चार शो नीट पाहिले की पन्नास डावांची टक्केवारी लागत नाही. आणि स्वतः डावात नसताना मोबाइल खिशात ठेवा, खरी माहिती तेव्हाच मिळते.

मधली खुर्ची
ऑफिसवाल्या मित्रासाठी: त्याच्या डाव्या हाताला बसा. तो रेझ करतो हे कळल्यावर तुम्ही ठरवाल. ब्लफला ब्लफने उत्तर देत बसू नका, तो खेळ त्यालाच जास्त आवडतो. दश्शीची जोडी, एक्का-गुलाम असल्या पानांवर एरवीपेक्षा जास्त टिकून राहा. मोठी पानं आली तर आधीच पुन्हा रेझ करा. फ्लॉप मनासारखा लागला तर चेक करा (काही न लावता पाळी पुढे द्या), बेट तो करेलच.

एक राहिलं. 25/50 ला तुमच्याकडे शंभर बिग ब्लाइंड असतात, 250/500 ला त्याच 5,000 चे दहा उरतात. तिथे वहिनींनी ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम) टाकलं तर त्याला टाइट-लूजची फूटपट्टी लावू नका. दहा ब्लाइंडवर आलेला कुणीही ऑल-इन नाहीतर फोल्ड (पानं टाकणं) एवढंच खेळतो. पहिल्या तासात बनवलेलं मत तिसऱ्या तासात चालत नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. जागा आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवतो, त्यामुळे डावीकडची खुर्ची नशिबावर. तो माझ्या डावीकडे आला तर? आणि वहिनींचं कुणीच बोललं नाही.

मधली खुर्ची
मग कमी डाव खेळा. नुसता ब्लाइंड भरून आत जाऊ नका, मागून तो रेझ मारणार आणि तुम्ही मधल्यामध्ये लटकणार.

किलवर दुर्री
वहिनी बिग ब्लाइंडवर असतील आणि मधले सगळे पळाले असतील तर साध्या पानांवरही रेझ करून ब्लाइंड उचला. त्यांनी उलटा रेझ केला की निमूट पानं टाका.

फक्त त्यांचे रेझ मोजा. एक्का, राजा, राणी यांच्या जोड्या आणि एक्का-राजा, एवढं सगळं मिळून साधारण 39 डावांत एकदा येतं. तुमच्या रात्रीत सत्तर-ऐंशी डाव होत असतील तर दोनदा. ब्लाइंड लहान असतानाच वहिनींनी पाच-सहा रेझ केले, तर सगळे आपल्याला घाबरतात हे त्यांच्या लक्षात आलंय. तेव्हापासून एक्का-राणी घेऊन कॉल करायला लागा.