कॉलेजातलं इंट्रूजन डिटेक्शनचं संशोधन नक्की कोणाच्या उपयोगाचं आहे?

ऐरोली नाइटशिफ्ट:
मी ऐरोलीला एका सॉकमध्ये काम करतो, सॉक म्हणजे जिथे चोवीस तास बसून वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कचे अलर्ट बघतात ती खोली. सात वर्षं झाली, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. गेल्या आठवड्यात नवी मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजला फायनल इयरच्या प्रोजेक्टना एक्स्टर्नल म्हणून गेलो होतो आणि तेव्हापासून विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

सिक्युरिटीचे अकरा ग्रुप होते, त्यातले सात इंट्रूजन डिटेक्शनचे, म्हणजे नेटवर्कवरचा हल्ला आपोआप ओळखायचे. सातही जणांचा डेटा एकच, केडीडी ९९ नावाचा जुना तयार डेटासेट, नाहीतर त्याची २००९ मधली साफसूफ केलेली आवृत्ती एनएसएल-केडीडी. आणि सगळ्यांची अ‍ॅक्युरसी ९९ च्या वर. एका मुलीने खूप मन लावून केलं होतं, स्लाइड स्वच्छ, बोलणं स्पष्ट. मी तिला विचारलं की तुझ्या सर्व्हिसच्या कॉलममध्ये गोफर लिहिलंय ते काय आहे गं? ती गप्प झाली. मग म्हणाली, सर, तो एक कॅटेगरी कोड आहे. गोफर हा वेबच्या आधीचा प्रोटोकॉल, तिच्या जन्माआधीच जवळजवळ संपलेला. तिची चूक नाहीच, तिला कोणी सांगितलंच नाही की हा डेटा १९९८ साली एमआयटीच्या लिंकन लॅबने डारपासाठी, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेसाठी, बनवलेल्या कृत्रिम ट्रॅफिकवरून काढलाय.

त्या डेटात जवळपास ४९ लाख नोंदी आहेत आणि त्यातल्या पाचातल्या चार नोंदी हल्ल्याच्या आहेत. पाचातल्या चार! माझ्याकडे रात्रभरात लाखो घटना येतात आणि खरा हल्ला कधी आठवडाभर एकही नसतो. आता हिशोब बघा, दिवसाला १० लाख घटना धरा, त्यात खरे हल्ले २० धरा, आणि मॉडेल इतकं चांगलं की १०० पैकी ९९ हल्ले पकडतं आणि चांगल्या ट्रॅफिकवर फक्त १ टक्का चुकतं. तरी रोज १० हजार खोटे अलर्ट आणि त्यात दडलेले २० खरे. एका अलर्टला पाच मिनिटं धरली तर आठशे तासांच्या वर काम झालं, आणि आम्ही शिफ्टला तिघं. स्वीडनच्या स्टेफान अ‍ॅक्सेलसनने हे गणित १९९९ मध्येच मांडलंय. पंचवीस वर्षं उलटली तरी आपल्या पोरांच्या रिपोर्टात फॉल्स अलार्मवर अर्धं पानसुद्धा नसतं.

माझं म्हणणं एवढंच की या डेटावर प्रोजेक्ट घेणं बंद करा. मुलांचं वर्ष वाया जातंय आणि आम्हाला मुलं घेताना पहिल्यापासून शिकवावं लागतंय.

खारघर मॅडम:
मी याच विषयाची प्राध्यापिका आहे, त्यामुळे थोडं लागलं, पण उत्तर द्यायलाच हवं.

पहिली गोष्ट, तुम्ही जी टीका करताय ती कुठून आली? अ‍ॅक्सेलसन विद्यापीठातलेच. डारपाच्या डेटावर २००० मध्ये पहिला कडक लेख लिहिणारे जॉन मॅकह्यू, तेही संशोधकच. २००३ मध्ये महोनी आणि चॅन या दोघांनी दाखवलं की १९९९ च्या डारपा डेटात टीटीएलचे (पॅकेटवरचा, वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर एकाने कमी होणारा आकडा) १२६ आणि २५३ हे आकडे फक्त हल्ल्याच्या पॅकेटवर दिसतात, साध्या ट्रॅफिकवर बहुतेक १२७ आणि २५४, म्हणजे मॉडेल हल्ला ओळखतच नव्हतं, तो कुठल्या मशीनमधून सोडला तेवढं ओळखत होतं. आणि २०१० चा सॉमर आणि पॅक्सन यांचा पेपर, मशीन लर्निंग प्रत्यक्ष नेटवर्कवर का चालत नाही याबद्दलचा, तो मी दर वर्षी पहिल्या महिन्यात वाचायला लावते. त्यातले व्हर्न पॅक्सन म्हणजे ज्यांनी १९९५ च्या सुमाराला बर्कलेच्या लॅबमध्ये ब्रो हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. तुम्ही रात्री ज्या झीकचे लॉग बघता ना, ते तेच ब्रो, २०१८ मध्ये नाव बदललेलं. मग संशोधन कोणाच्या उपयोगाचं असं सरसकट कसं म्हणता?

दुसरी गोष्ट, दुसरा डेटा आणायचा कुठून? गेल्या चार वर्षांत मी स्वतः पाच कंपन्यांना पत्रं पाठवली, नावं पुसून, आयपी बदलून द्या म्हटलं. एकीकडून फोन आला की मॅडम लीगलवाले नाही म्हणतायत, बाकीच्यांचं उत्तरच नाही. सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने तुम्हाला १८० दिवसांचे लॉग ठेवायला लागतात, म्हणजे डेटा तुमच्याकडे पडून आहे. तो कुलपात ठेवायचा आणि मग विचारायचं की पोरं जुन्या डेटावर का काम करतात, हे मला पटत नाही.

घणसोली टीई:
सर मी असाच प्रोजेक्ट करणारा आहे, थर्ड इयर. खरं सांगतो आम्हाला पण माहीत असतं की हे जुनं आहे. पण आम्ही मालवेअरचे सॅम्पल घेऊन काहीतरी करायचं ठरवलं तर लॅबच्या अँटिव्हायरसने फाइली रातोरात उडवल्या आणि लॅब असिस्टंट सरांनी आमचं लॉगिन बंद केलं आणि एचओडींकडे तक्रार गेली की मुलं व्हायरस आणतायत. दोन आठवडे त्यातच गेले. मग गाइड म्हणाले केडीडी घ्या, वेळेत होईल, आणि झालं पण वेळेत. मार्क पण चांगले मिळाले. आता वाटतं की काय शिकलो तर पायथनची एक लायब्ररी.

उरणकर:
मी कॉम्प्युटरवाला नाही, शिपिंगच्या क्लिअरिंगमध्ये आहे, पण या विषयावर गप्प बसवत नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस आला तेव्हा मर्स्क या शिपिंग कंपनीच्या सिस्टिम जगभर पडल्या आणि आपल्या जेएनपीटीतलं त्यांच्या ग्रुपचं गेटवे टर्मिनल बंद पडलं. आमचे चार कंटेनर आत अडकले होते. ऑफिसात फोनवर फोन, पार्टी विचारतेय माल कधी सुटणार आणि आमच्याकडे उत्तर नाही कारण कुठला कंटेनर कुठल्या थरात आहे हे ज्या मशीनला माहीत तेच बंद. माझा ड्रायव्हर दोन रात्री ट्रेलरमध्ये झोपला, बायकोला फोन करून सांगत होता की इकडे काय झालंय ते कोणालाच धड माहीत नाही.

नंतर मी हे वाचून काढलं. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला आणि विंडोजच्या ज्या भोकांतून पसरला त्यांचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता, त्याशिवाय मशीनच्या मेमरीतले पासवर्ड उचलून पॅच केलेल्या मशीनवरही गेला. मला सांगा, यात तुमचं ९९ टक्क्यांचं मॉडेल आणि तुमचा नवीन डेटा, दोन्ही काय करणार होते? मला वाटतं दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताय. एक मशीन पडलं तर पूर्ण बंदर पडू नये म्हणून नेटवर्क तोडतोडून कसं बांधायचं, पॅच लावायला कंपन्या महिनोन्महिने का घेतात, यावर कोणी पीएचडी करतं का?

ऐरोली नाइटशिफ्ट:
उरणकर दादा, पॅचच्या उशिरावर काम होतं, पण आपल्याकडे कमी, आणि तुमचा मुद्दा मला मान्य आहे. फक्त एक, नॉटपेट्या आत आल्यावर एकाच मशीनवरून शेजारच्या सगळ्या मशीनचे दरवाजे ठोठावत सुटला होता. ते अलर्टमध्ये दिसतं. पण आमच्याकडे तसंच कोणाचं दिसतं माहितीये? एका क्लायंटच्या गोडाऊनमधल्या बारकोड प्रिंटरचं सॉफ्टवेअर. रोज रात्री पावणेतीनला तो प्रिंटर शोधायला सगळं नेटवर्क चाळतो. पहिल्या महिन्यात मी क्लायंटच्या आयटीवाल्याला चार वेळा झोपेतून उठवलं, पाचव्यांदा त्याने फोन उचलला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. हा प्रिंटर कुठल्याच डेटासेटमध्ये नाही, म्हणून मी चिडतो.

मॅडम, तुमचं पहिलं म्हणणं मी मान्य करतो, सरसकट लिहायला नको होतं. डेटाचं म्हणाल तर क्लायंटचा लॉग माझा नाही, मी दिला तर नोकरी जाईल आणि जायलाच पाहिजे.

पाचपाखाडी:
डेटा डेटा काय करताय, इथे साधं भोक दाखवलं तरी माणूस अडकतो. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या अ‍ॅपमध्ये बिलाच्या लिंकमधला नंबर एकाने वाढवला की शेजारच्या फ्लॅटचं बिल, फोन नंबर, सगळं दिसायचं. मी दोन बिलं बघितली, थांबलो, स्क्रीनशॉटमधली नावं झाकली आणि कंपनीला मेल केला. आठव्या दिवशी वकिलाची नोटीस, आयटी कायदा २०००, कलम ४३ आणि ६६. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. बाबांचं बीपी वाढलं. शेवटी लेखी माफी मागून मिटवलं, कशाची माफी ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. भोक पुढे तीन महिने तसंच होतं. ज्या देशात चांगल्या हेतूने शोधणाऱ्याला कायद्यात स्पष्ट संरक्षण नाही तिथे मुलांना खऱ्या सिस्टिमवर काम करा म्हणणं मला धोक्याचं वाटतं. जुना डेटा निरुपयोगी असेल पण त्यासाठी कोणी नोटीस पाठवत नाही.

खारघर मॅडम:
पाचपाखाडी, वाचून वाईट वाटलं. हीच भीती मला मुलांसाठी वाटते. आणि दुसऱ्या बाजूनेही सांगते, संशोधकांनी मर्यादा सोडल्याची उदाहरणं आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मुद्दाम दोष असलेले पॅच (कोडमधले बदल) पाठवून बघितले, सांभाळणाऱ्यांना न विचारता. एप्रिल २०२१ मध्ये कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी अख्ख्या विद्यापीठाचे पॅच घेणं बंद केलं आणि तो पेपर मागे घ्यावा लागला. त्यामुळे परवानगीशिवाय काहीच नको, हे माझ्याकडे पहिल्या दिवसापासून चालतं.

पण एक गोष्ट मला नेहमी धीर देते. १९८८ मध्ये विस्कॉन्सिनचे बार्टन मिलर वादळी रात्री घरून मोडेमवर काम करत होते, पावसाने लाइनवर कचरा अक्षरं यायला लागली आणि साधे साधे युनिक्स प्रोग्राम कोसळायला लागले. त्यांनी तेच वर्गाला प्रोजेक्ट म्हणून दिलं, प्रोग्रामला वाटेल ती अक्षरं खायला घाला आणि काय पडतं बघा. १९९० मध्ये छापून आलं तेव्हा तपासलेल्यांपैकी पाव ते एकतृतीयांश प्रोग्राम पडले होते. त्यालाच आज फझिंग म्हणतात. विद्यार्थ्यांचा वर्गातला प्रोजेक्ट होता तो, स्वतःच्या विद्यापीठातल्या मशीनवर. ना कंपनीचा डेटा, ना वकील.

घणसोली टीई:
मॅडम मग आम्ही स्वतःच्या कॉलेजच्या लॅबचं ट्रॅफिक का नाही घेऊ शकत?

ऐरोली नाइटशिफ्ट:
हा पोरगा बरोबर बोलतोय. एक जुना डेस्कटॉप, त्यावर झीक, आणि लॅबच्या स्विचचा एक पोर्ट मिरर केला, म्हणजे ट्रॅफिकची नक्कल त्यावर वळवली, की झालं. आतला मजकूर घ्यायचाच नाही, फक्त कोण कोणाशी किती वेळ किती बोललं एवढ्या नोंदी. हल्ला आपणच एका ठरलेल्या मशीनवरून, ठरलेल्या वेळी, लिहून ठेवून करायचा. कुठली नोंद हल्ल्याची ते लेबल लावायला मी येतो, शनिवारी सकाळी शिफ्ट संपली की ऐरोलीहून पनवेल लोकल पकडली की थेट खारघर.

पाचपाखाडी:
आणि लॅबमध्ये बसलेल्या मुलाने कुठली साइट उघडली ते तुमच्या नोंदीत आलं तर? त्याला विचारलंय का कोणी? झीक मजकूर नाही ठेवला तरी डीएनएसमधून, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारला जातो त्यातून, साइटचं नाव लिहून ठेवतंच.

खारघर मॅडम:
बरोबर मुद्दा आहे. डीएनएसचे लॉग बंद ठेवू आणि बाकीच्या कुठल्या नोंदीत साइटचं नाव येतं तेही तुम्हीच बघून द्या. लॅबच्या दारावर मराठीत आणि इंग्रजीत सूचना लावायची, ज्याला नको त्याच्यासाठी शेवटच्या रांगेतली आठ मशीन मिररच्या बाहेर ठेवायची, आणि हॉस्टेलला हात लावायचा नाही. प्राचार्यांना अर्ज सोमवारी देते. पाचपाखाडी, सूचनेचा मसुदा तुम्ही वाचून बघाल का, नोटीस खाल्लेल्या माणसाला त्यातली पळवाट आधी दिसेल. आणि घणसोली, तुझ्या कॉलेजात नाही म्हणाले तर आमच्याकडे ये, पण गाइडचं पत्र घेऊन ये.

उरणकर:
मॅडम तो प्रिंटर पण लावा एक.