आठ महिने पडून राहिलेली १८ व्होल्टची ड्रिलची बॅटरी चार्ज होत नाही

प्रश्न

माझ्या कॉर्डलेस ड्रिलची १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांची लिथियम-आयन बॅटरी अंदाजे निम्मी चार्ज असताना कपाटात ठेवली गेली आणि आठ महिने तशीच राहिली. आता चार्जरवर लावली की लाल दिवा काही वेळा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. त्याच चार्जरवर माझी दुसरी बॅटरी व्यवस्थित चार्ज होते. बंद पॅकच्या टोकांवर मल्टिमीटरने १५.६ व्होल्ट दाखवले. आवरण उघडल्यावर आत १८६५० आकाराचे दहा सेल, दोन-दोनच्या पाच जोड्यांत, आढळले. चार जोड्यांवर ३.६० ते ३.६२ व्होल्ट आहेत, मात्र ऋण टोकाकडच्या पहिल्या जोडीवर केवळ १.१८ आहेत. ही एकच जोडी बाहेरून चार्ज करून इतरांच्या बरोबरीला आणली, तर पॅक वापरता येईल का?

पहिले उत्तर

तसे करू नये. लिथियम-आयन सेल साधारण दीड-दोन व्होल्टच्या खाली जाऊन तिथेच राहिला, तर त्याच्या ऋण बाजूची तांब्याची पत्री विरघळू लागते. पुढे चार्ज करताना हेच तांबे सेलच्या आत भलत्याच ठिकाणी जमते आणि अंतर्गत शॉर्ट होऊ शकतो. असा सेल वरकरणी ३.६ व्होल्ट दाखवतो, म्हणूनच तो फसवा. भरलेली बॅटरी तारांनी जोडून मेलेली ‘जागी’ करण्याची युक्ती बरेच जण सुचवतात. तीत विद्युतप्रवाहावर मर्यादा नसते आणि पॅकच्या आतल्या ज्या संरक्षक सर्किटने चार्जिंगला नकार दिला त्यालाच वगळले जाते.

दुसरे उत्तर

ती जोडी बाद आहे, याबद्दल माझेही दुमत नाही. परंतु पाचही जोड्यांचे वय आणि काम सारखे असताना एकच का उतरली, हे समजल्याशिवाय नवे सेल बसवू नयेत. एक तर सेल आतल्या आत गळत असेल, नाहीतर सर्किट त्याच जोडीतून वीज खात असेल. काही पॅकमध्ये सर्किटची वीज पहिल्या जोडीतूनच घेतलेली असते. पहिल्या जोडीच्या धन टोकापासून सर्किटकडे जाणारी बारीक तार सोडवा, तिला पॅकच्या ऋण टोकाच्या सापेक्ष बेंच सप्लायमधून (व्होल्टेज हवे तेवढे ठरवता येणारा वीजपुरवठा) ३.६ व्होल्ट द्या आणि किती प्रवाह जातो ते पाहा. सोडवलेल्या टोकाला आधी टेप लावा. भरलेल्या चार जोड्या शेजारीच आहेत.

प्रश्नकर्ता

मोजले. ०.३४ मिलिअँपिअर, तासभर स्थिर.

दुसरे उत्तर देणारा

मग हिशेब जुळतो. आठ महिने म्हणजे सुमारे ५,८४० तास, त्याला ०.३४ ने गुणले की जवळजवळ २ अँपिअर-तास होतात, म्हणजे निम्म्या चार्ज जोडीत होते तेवढे सगळे. सेल निर्दोष होते, सर्किटने त्यांना कोरडे केले. आता नुसती एक जोडी बदलली, तर उरलेले जुने सेल क्षमतेने कमी असल्यामुळे पॅकची क्षमता त्यांच्यावरच ठरेल आणि खाणारे सर्किट तर तसेच राहील.

तिसरे उत्तर

सेल बदलायचेच ठरले, तर दहाही एकाच प्रकारचे आणि जास्त प्रवाह देणारे घ्यावेत, आणि निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडाव्यात. सेलवर थेट सोल्डर केल्यास आतील विभाजक पडद्याला उष्णता पोहोचते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: काही सर्किटे दोष एकदा नोंदला की सेल नवे असूनही चार्जिंग कायमचे नाकारतात. माझा एक पॅक असाच निघाला. वेल्डिंग उत्तम झाले होते, चार्जरने मात्र दाद दिली नाही. सर्किट सुटे मिळत नसेल, तर मी ही दुरुस्ती हाती घेणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्किट सुटे मिळत नाही, त्यामुळे टोकांना टेप लावून हा पॅक ई-कचऱ्यात देत आहे. चालू असलेली दुसरी बॅटरी त्याच मॉडेलची असल्याने तीही उघडून पाहिली: चार जोड्या ३.६४, पहिली ३.५७.