मदत हवी आहे : ॲनिमेशनपटाच्या कमाईचा अंदाज, 'माउथ पब्लिसिटी' मॉडेलमध्ये कशी घालायची?

नमस्कार मंडळी,
एमएस्सी स्टॅटच्या प्रोजेक्टसाठी ॲनिमेशनपटांच्या गल्ल्याचा अंदाज बांधायला घेतलाय आणि पार अडकलोय.

साधं रिग्रेशन आहे (म्हणजे काही घटकांवरून गल्ल्याचं गणित बांधायचं) : बजेट, सीक्वेल आहे का, सुट्टीत लागला का, ट्रेलरचे व्ह्यूज. गल्ल्याचा लॉग (लॉगरिदम) घेतलाय. पहिल्या वीकेंडचा आकडा बऱ्यापैकी जुळतो, पुढे सगळा आनंदीआनंद.

पिक्सारचेच दोन घ्या. 'लाइटइयर' (२०२२) अमेरिकेत पहिल्या वीकेंडला ५ कोटी डॉलर कमावून ११.८ कोटींवर आटोपला. 'एलिमेंटल' (२०२३) ला सुरुवातीला जेमतेम २.९६ कोटी मिळाले, लोकांनी श्रद्धांजलीही वाहून टाकली, आणि तो १५.४ कोटींवर गेला. एक सव्वादोन पट, दुसरा पाच पट! माझं मॉडेल दोघांनाही तिप्पट देतं.

आपल्याकडे 'महावतार नरसिंह' (जुलै २०२५). पहिल्या दिवशी २ कोटींच्या आत, शेवटी देशात २०० कोटींच्या वर. मी दुसऱ्या रविवारी गेलो तर आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाने दोन रांगा अडवलेल्या. खांब फुटला तेव्हा शेजारच्या आजींनी पॉपकॉर्नचा टब माझ्या हातात दिला आणि हात जोडले. आता हे भजनी मंडळ एक्सेलच्या कुठल्या कॉलममध्ये टाकू?

सर म्हणतात, पहिल्या वीकेंडचा गल्लाच व्हेरिएबल म्हणून घाल, आर-स्क्वेअर (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं त्याचं माप) चढेल. चढतोच! पण मग प्रदर्शनाआधीचा अंदाज कसला, बाळ जन्मल्यावर मुलगा की मुलगी सांगण्यातला प्रकार.

मार्केटिंगचं दुखणं वेगळंच. तो खर्च स्टुडिओ क्वचितच जाहीर करतात. ठोकताळ्याने बजेटच्या निम्मा धरला, तर तो कॉलम बजेटचीच झेरॉक्स होतो. 'स्पायडर-व्हर्स'चा दुसरा भाग (२०२३) आपल्याकडे मराठीसकट दहा भाषांत आला, हिंदी-पंजाबीला शुभमन गिलचा आवाज. म्हणून भाषांची संख्या घालून पाहिली, पण बहुतेक चित्रपटांना ती एक-दोनच निघते.

दोन मॉडेलं करू का? एक ओपनिंगचं, दुसरं 'किती पट'चं, आणि दुसऱ्यात शुक्रवार ते रविवारची चढण घालायची? त्यासाठी माझ्याकडचे १४० चित्रपट पुरतील का?

आणि इथे कुणी थिएटर किंवा वितरणातलं असेल तर प्लीज सांगा : शनिवारी सकाळी शो वाढवायचे की उतरवायचे, हे तुम्ही नेमकं काय बघून ठरवता?