डमी काडतुसांनी अर्धंच कळतं

लिव्हर ओढून चालणाऱ्या, ट्यूब मॅगझिनच्या (काडतुसं नळीत एकामागे एक बसतात त्या) रायफलीत डमी, म्हणजे दारू न भरलेली काडतुसं चार-पाच वेळा फिरवून बघा, अडकली नाहीत तर जड गोळी चालते, असं काही जण म्हणतात ते अर्धंच बरोबर आहे. डमीने लांबी कळते, ४५-७० या काडतुसात एकूण लांबी २.५५ इंचांच्या वर गेली की लिव्हर ओढतानाच कळतं काय ते. पण रिकॉइलचं, म्हणजे गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याचं काय? ट्यूबमधली काडतुसं एकामागे एक, पुढून स्प्रिंगचा दाब, आणि प्रत्येक शॉटला अख्खी रांग हादरते, जड गोळीला रिकॉइलही जास्त, त्यामुळे क्रिंप (केसची, म्हणजे काडतुसाच्या कवचाची, गोळीभोवती दाबलेली कड) ढिला असेल तर गोळी केसमध्ये आत सरकते.

माझ्याकडे ४०५ ग्रेन वजनाची चपट्या टोकाची गोळी डमीत लोण्यासारखी फिरत होती, रेंजवर मात्र चौथ्या शॉटनंतर टोक चेंबरच्या (बॅरलमध्ये काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेला आपटून अडकलं. काडतूस काढून व्हर्नियर लावला तर भरताना होतं त्यापेक्षा जवळजवळ दीड मिलिमीटर आखूड! हे नुसतं फीडिंगपुरतं नाही हो, आतली जागा कमी झाली की प्रेशर वाढतं, तसलं काडतूस परत चेंबरमध्ये घालायचंच नाही.

आता मी ट्यूब पूर्ण भरतो, सगळ्यात पुढच्या, म्हणजे सगळ्यात आधी घातलेल्या काडतुसाला मार्करने खूण करतो, बाकीचे शॉट मारतो आणि ते एक न उडवता बाहेर काढून मोजतो. सगळ्यात जास्त धक्के त्यानेच खाल्लेले असतात. आणि लिव्हर एकदा सावकाश, एकदा झटक्यात, दोन्ही प्रकारे मारून बघा, माझी तरी सावकाश ओढल्यावरच जास्त अडते.